डुलक्याची जाग

डुलक्या दुपारी वारला. थोरल्यानं दवाखान्याच्या पायरीवरून फोन करून तसं घरी कळवलं. "गेला," एवढंच म्हणाला, आणि मग आठवल्यासारखं, "ती मोठी चाळण आत घ्या, आभाळ आलंय." वहिनीनं आधी चाळण आत घेतली, मग रडली. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं डुलक्याचं नेहमीचं बाकडं भिंतीला उभं टेकवून ठेवलं. शेजारच्या सुतारानं त्याच्या उंचीचा मनातल्या मनात अंदाज घेतला. घ्यायला कोणी सांगितलं नव्हतं, पण हाताला सवय असते.

संध्याकाळी थोरल्याचा दुसरा फोन आला. त्यानंतर असं काही घडलंच नाही, असं सगळ्यांनी एकमेकांना न विचारता ठरवून टाकलं. बाकडं आडवं झालं. सुतार दुसऱ्याच कोणाच्या तरी दरवाजाचा विचार करू लागला. वहिनीनं डोळे पुसले आणि कांदा चिरत होते म्हणाली. कोणी विचारलंही नव्हतं. तेव्हा आपणही तसंच धरून चालू. डुलक्या वारला नाही, कोणी तसं म्हणालं नाही. गोष्ट सुरू होते ती पाचोळ्यापासून.

घरामागे एक लांबरुंद खड्डा होता. रस्त्याकडेच्या झाडांची, बागांची, कुणाच्या अंगणातली गळलेली पानं दोघे भाऊ वर्षभर पोत्यांतून वाहून आणायचे, खड्ड्यात टाकायचे, पाणी मारायचे, दाताळ्यानं वरखाली करायचे. पानं कुजायची, काळी पडायची, भुरभुरीत व्हायची. मग ती तिरप्या चाळणीवर फावड्यानं मारायची. काड्या-खडे इकडे, खत तिकडे. ते खत पलीकडच्या रस्त्यावरचा रोपवाला न्यायचा आणि त्यात रोपं लावायचा.

पाचोळा कुजताना आतून तापतो. ती ऊब जायच्या आत खत काढलं तर रोपांची मुळं भाजतात. ऊब गेली की नाही हे कळायला या घरात एकच साधन होतं, ते म्हणजे डुलक्याचा डावा हात. तो बाही वर करून कोपरापर्यंत हात ढिगात घालायचा आणि डोळे मिटून बसायचा. डोळे मिटल्याशिवाय हाताला नीट कळत नाही, असं त्याचं म्हणणं. कधी बराच वेळ बसायचा. कधी त्या बसण्यात मान खाली जायची. कधी घोरण्याचा आवाज यायचा. त्याला डुलक्या म्हणत ते काही उगाच नाही. तो चाळणीला टेकून झोपला होता, रिकाम्या पोत्यात शिरून झोपला होता, एकदा सुताराच्या दुकानात अर्धवट कपाटात झोपला होता आणि सुतार कपाट गिऱ्हाइकाकडे पोचवायला निघाला होता.

त्या हंगामात रोपवाला आपली तीनचाकी घेऊन आला तेव्हा त्याच्या हातात एक मेलेलं रोप होतं. मुळाशी धरून त्यानं ते थोरल्याच्या नाकासमोर लोंबतं धरलं.

"हे काय आहे?"

"रोप," थोरला म्हणाला.

"होतं. सगळी ओळच्या ओळ माना टाकून पडलीय. मुळं बघ, उकडलेल्या शेवयांसारखी झालीत. गरम खत दिलंस मला."

थोरल्यानं रोपाकडं पाहिलं, खड्ड्याकडं पाहिलं, मग डुलक्याकडं पाहिलं. डुलक्या फावड्यावर हनुवटी टेकून उभा होता, पण जागा होता.

"याला हात घालून बघायला बसवलं होतं," थोरला म्हणाला. "हा हात घालून झोपला. आता तुम्हीच सांगा, मी काय काय बघू?"

"दादा, मी म्हटलं होतं की अजून..."

"झोपेत म्हटलं असशील."

यावर रोपवाला हसला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनीही हसली. डुलक्याची बायको, जिला घरात सगळे धाकटी म्हणत, चाळणीजवळ बसून काड्या वेचत होती. ती हसली नाही. हातातली काडी मोडून तिनं बाजूला टाकली.

रोपवाला म्हणाला, आता असल्या हाताचं खत आपल्याला नको, दुसरीकडे बघतो. थोरला त्याच्या मागं मागं तीनचाकीपर्यंत गेला, आणि तिथं, गल्लीतल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यानं अट घातली. "हा खड्डा रिकामा करायला घेतोय. शेवटचं पोतं भरेपर्यंत कामावर असताना याचा डोळा एकदा जरी लागला, तर याला वेगळा काढतो. खड्डा माझा, वाट त्याची. मग तर झालं?"

"मग बघू," रोपवाला म्हणाला.

डुलक्याला कुणी विचारलं नाही. धाकटी तेवढी म्हणाली, "दादा, खड्डा दोघांचा आहे."

"खड्डा जागं राहणाऱ्याचा," थोरला म्हणाला.

खड्डा उपसायला सुरुवात झाली. हवा गच्च होती. पाऊस येऊन गेला होता आणि पुन्हा येणार होता. मधल्या वेळात नुसता घाम. ओला पाचोळा फावड्याला चिकटायचा, फावडं दुप्पट जड व्हायचं. डुलक्या खाली उतरून घमेलं भरून वर द्यायचा, थोरला ते चाळणीवर उडवायचा, धाकटी पोत्यांची तोंडं शिवायची. वहिनीकडं लक्ष ठेवायचं काम होतं. ती खिडकीतून भाजी चिरता चिरता मधूनच ओरडायची, "भावजी!"

"हं!"

"काही नाही. बघत होते."

डुलक्या जागा राहिला. कसा राहिला हे त्यालाच ठाऊक. त्यानं उजव्या बुटात खडा घातला. उजवा पाय बधिर झाल्यावर डाव्यात घातला. मिरी चघळली. बसायचं म्हणून डगमगणारी वीट घेतली, म्हणजे डुलकी लागली तर वीटच त्याला पाडेल. धाकटी वरून कोडी घालायची. तिची कोडी लवकर संपली. मग ती शिवता शिवता स्वतःच्या माहेरच्या सगळ्या भांडणांची हकीकत पहिल्यापासून सांगू लागली. त्या हकीकतीत झोप लागणं शक्य नव्हतं, कारण प्रत्येक भांडण मध्येच थांबवून ती विचारायची, "चूक कुणाची? सांगा." उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

सुतार रोज सकाळी कुंपणावरून डोकावून विचारायचा, "अजून जागाच?" त्याच्या आवाजात थोडी निराशा असायची.

खड्ड्याच्या तळाशी पाचोळा जुना होता. वरचं उपसून झालं आणि फावडी तळाला लागली तेव्हा तिथं राहणारा उघड्यावर आला.

तो बुटाच्या नाडीएवढा जाड होता. अंग तपकिरी, डोकं काळं, शेपटीवर दोन काळे पट्टे, आणि पोटाचा रंग पोवळ्यासारखा. त्यामुळं त्याला पोवळा साप म्हणतात. स्वभावानं तो या घरातल्या एका माणसाच्या फार जवळचा होता. दिवसभर पाचोळ्याखाली गुपचूप पडून राहायचं, उजेड मावळला किंवा पाऊस पडून गेला की जरा बाहेर यायचं, मुंग्यांची अंडी खाणारे वाळ्यासारखे बारीक आंधळे साप सापडले तर गिळायचे, आणि पुन्हा पाचोळ्याखाली. कुणाच्या वाटेला जात नाही. तोंड एवढं लहान की माणूस त्याच्या हिशेबात कधी नव्हताच. मादी पानांखाली लांबट अंडी घालते आणि पुढं त्यांचं काय होतं ते बघायला थांबत नाही. त्याच्याबद्दल कुणाची तक्रार येत नाही, कारण तो दिसतच नाही.

दिसला की मात्र तो एक गोष्ट करतो. तो डोकं वेटोळ्याखाली लपवतो आणि शेपूट उचलून गोल वळवतो, खालचा भडक रंग वर दाखवत. शेपूट डोक्यासारखीच बोथट असते, आणि त्या पट्ट्यांमुळं काळी दिसते. ती इकडंतिकडं हलते, जणू आता डसणार. समोरच्यानं तिलाच तोंड समजावं, तिच्यावर तुटून पडावं आणि खरं तोंड मोकळं राहावं, एवढीच त्याची अपेक्षा.

थोरल्यानं ती पूर्ण केली. "साप!" म्हणत त्यानं दाताळं उचललं आणि वर उचललेल्या शेपटीवर बरोबर नेम धरून ते दाबलं. "डोकं धरलंय! हलू नको डुलक्या. तू मागून शेपटी धर आणि दे फेकून."

"दादा, हे डोकं वाटत नाही."

"झोपेत बघतोयस का? जे टोक वर करून फुत्कारतंय ते डोकं."

"फुत्कारत कुठंय?"

"धर म्हणतो ना!"

डुलक्यानं वाकून वेटोळ्याखालचं टोक अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात धरलं. कधी नव्हे तो पूर्ण जागा होता, आणि सांगितलेलं काम त्यानं लगेच केलं. घरातले लोक वर्षानुवर्षं त्याच्याकडून हीच अपेक्षा करत होते. पोवळ्यानं त्याच्या बेचक्यातली मऊ कातडी तोंडात धरली. त्याचे विषाचे दात पुढंच असतात, पण आखूड. नाग डसून मोकळा होतो, तसं याला जमत नाही. तो धरून ठेवतो, चघळतो.

"अरे फेक!"

डुलक्यानं हात झटकला. सुटला नाही. पुन्हा झटकला तेव्हा तो सुटून कुंपणाजवळच्या ओल्या ढिगावर पडला, आणि घाईनं नव्हे, कामाला उशीर झालेल्या कारकुनासारखा, पानांत शिरला.

"चावला काय?" वरून धाकटीनं विचारलं.

डुलक्यानं हात पाहिला. रक्त नाही, सूज नाही. बेचक्यात जरा खरचटल्यासारखं. "मुंगी चावल्यासारखं वाटलं. इथं मुंग्या आहेतच."

"शेपटीनं कसा चावेल?" थोरला म्हणाला. तो खुशीत होता. "बघ, जागा असलास की कशी चटचट कामं होतात. चल, उरलंय थोडंच."

पोवळ्याचं विष दुखवत नाही. ते मेंदूकडून स्नायूंकडं निघालेला निरोप वाटेत अडवून धरतं, आणि तेही सावकाश. आधी पापण्यांचा, मग जिभेचा, मग घशाचा, आणि सगळ्यात शेवटी छातीचा. दुसऱ्या कुणाच्या घरात हे लगेच लक्षात आलं असतं.

दुपारच्या जेवणानंतर डुलक्याच्या पापण्या खाली आल्या. त्याला वाटलं, आली. इतके दिवस दारात उभी होती ती शेवटी आत आली. त्यानं बुटातला खडा दाबला. खडा टोचत होता, पापण्या तरी खालीच येत होत्या. असं कधी झालं नव्हतं. झोप यायची तेव्हा डोकं जड व्हायचं, आता डोकं लख्ख होतं आणि डोळेच मिटत होते. त्यानं दोन बोटांनी एक पापणी वर धरली आणि दुसऱ्या हातानं घमेलं उचललं. घमेलं वर गेलं नाही. ते छातीपर्यंत आलं आणि सगळं खत त्याच्याच अंगावर सांडलं.

"आलास मूळ पदावर," थोरला म्हणाला.

डुलक्या काहीतरी म्हणाला. शब्द घट्ट नव्हते, ओल्या कागदासारखे फाटून येत होते.

"काय?"

पुन्हा तेच.

"पाणी पी आणि नीट बोल."

पाणी प्यायला तर ते नाकातून परत आलं. थोरल्यानं हात कमरेवर ठेवले. "पाणी पितानाही झोपतोस? अहो, या इकडं!" ही हाक सुताराला होती. सुतार रंधा हातात घेऊनच आला. "तुम्ही साक्षीला राहा. उद्या कुणी म्हणायला नको की भावानं उगाच वेगळं काढलं. याचे डोळे मिटलेत की नाहीत?"

सुतारानं खड्ड्यात वाकून बघितलं. डुलक्या भिंतीला पाठ लावून बसला होता. एका हाताची दोन बोटं पापणीवर होती, तीही आता घसरली.

"मिटलेत," सुतार म्हणाला.

"झालं तर."

नेमकी तेव्हाच रोपवाल्याची तीनचाकी आली. भरलेली पोती न्यायला आला होता. तोही काठावर उभा राहिला. खिडकीतून वहिनी आली. सगळे वर, डुलक्या खाली, अंगावर काळं खत, नाकातून पाणी, हनुवटी छातीवर. रोपवाला म्हणाला, "आणि याच्या हातावर भरवसा ठेवून मी रोपं लावली."

डुलक्याला हे सगळं ऐकू येत होतं.

धाकटी दोरा तोडून उठली, उडी मारून खाली उतरली आणि त्याच्या तोंडाजवळ कान नेला.

"घोरत नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हे झोपले की घोरतात. पहिल्या क्षणापासून. तोंड उघडं पडतं आणि डावा हात गालाखाली जातो. हात बघा." डावा हात पालथा पडला होता, बोटं पाचोळ्यात. "इतक्या वर्षांत मी यांची झोप बघितलीय, दुसरं काही बघितलेलंच नाही. ही यांची झोप नाही."

"झोप ती झोप," थोरला म्हणाला.

"दादा, सकाळी तो साप कुठल्या टोकाला धरला होतात?"

 थोरल्याच्या हातात दाताळं होतं, ते त्यानं भिंतीला नीट टेकवून ठेवलं.

डुलक्याला वर काढायला चौघे लागले. तीनचाकीत पोती भरलेली होती. रोपवाला म्हणाला, उतरवायला वेळ जाईल, त्यांच्यावरच ठेवा. तेव्हा डुलक्या त्यानंच भरलेल्या खतावर आडवा होऊन दवाखान्यात गेला. वाटेत त्याचा डावा हात एका फाटक्या पोत्यात घुसला होता. खत थंड होतं. त्याला तेवढं बरं वाटलं.

दवाखान्याच्या दारात छातीचा निरोप थांबला. डुलक्या निळा पडला. कंपाउंडर आणि नर्स त्याला आत घेऊन पळाले, दार बंद झालं, आणि थोरला पायरीवर बसून फोन लावू लागला. त्या फोनचं आपण धरायचं नाही असं ठरलंच आहे.

आत घशात नळी गेली. नर्स हातानं फुगा दाबत राहिली. मग दुसऱ्या खोलीतून यंत्र ढकलत आणलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"कसला साप होता?"

"बारीक. डोकं वर करून होता," थोरला म्हणाला. "काळं डोकं, खाली लाल. मी डोकं दाबून धरलं होतं."

"शेपूट असेल ते."

"डोकंच. माझ्याकडं बघत होतं."

"पोवळा शेपूटच वर करतो." त्यांनी हात पुसले. "त्याचं औषध नाही माझ्याकडं. असतं ते दुसऱ्या सापांचं, त्याचा याला उपयोग नाही. विष उतरेपर्यंत यंत्र श्वास देईल. आपण वाट बघायची."

"झोपलाय का?"

"नाही हो. स्नायू बंद पडलेत, मेंदू नाही. ऐकू येत असणार. बोलत राहा त्यांच्याशी."

"त्याच्याशी?" थोरला म्हणाला. "धडधाकट होता तेव्हा ऐकत नव्हता."

डुलक्या पडून होता. डोळे मिटलेले, तोंडात नळी, हातपाय कुणा दुसऱ्याचे. यंत्र फुस्स करायचं, छाती वर. पुन्हा फुस्स, छाती खाली. त्यानं पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न केला. अंगठा फार लांब होता, गल्लीच्या पलीकडं असावा इतका. मात्र कान कधी नव्हते एवढे उघडे होते. नर्सची चप्पल कुठं फाटलीय हे त्याला चालण्यावरून कळत होतं. जन्मात पहिल्यांदा त्याला अजिबात झोप येत नव्हती.

वहिनी डबा घेऊन आली. धाकटी तोंड धुवायला गेली होती.

"कसे आहेत?"

"तसाच. डॉक्टरीण म्हणते ऐकू येतंय. सगळ्यांना तसंच सांगत असेल."

वहिनीनं वाकून बघितलं. "भावजी?" थोडी थांबली. "नाही. काही नाही." मग बसली. "त्यांची गादी मी बाहेर टाकलीय. ती खोली पोत्यांना बरी पडेल हो, मागच्या पडवीत ओल लागते."

"खोलीचं नंतर बघू. मला वेगळीच काळजी लागलीय." थोरल्यानं आवाज बारीक केला. पलंगापासून दूर मात्र गेला नाही. "रोपवाल्याला काय सांगायचं?"

"सांगितलंत की, हा झोपला म्हणून."

"मागचं झालं. पुढचं म्हणतोय. त्या वेळी हा सारखा ओरडत होता, ऊब आहे, ऊब आहे, थांब. मी घाई केली, भरलं आणि याचं नाव सांगितलं. चाललं. उद्या हा राहिला नाही, आणि पुढच्या वेळी गरम खत गेलं, तर नाव कुणाचं सांगू? तू तर झोपत नाहीस."

"मला नका गोवू."

"तेच म्हणतो. घरात एक झोपणारं माणूस लागतं गं."

यंत्र फुस्स म्हणालं. दोघं डब्यातलं खाऊ लागले. डुलक्यानं अंगठ्याला पुन्हा निरोप पाठवला. अंगठा तसाच.

विष आपल्या गतीनं उतरलं. आधी एक पापणी किलकिली झाली, मग दुसरी, मग अंगठा. नळी निघाली तेव्हा डुलक्याचा आवाज चाळणीवर खडे ओढल्यासारखा होता. त्यातही पहिलं वाक्य त्यानं जपून पूर्ण केलं. "मी जागा होतो."

"हो हो," थोरला म्हणाला. "पडून राहा."

घरी आणल्यावर तो खड्ड्याच्या काठी उलट्या घमेल्यावर बसला. तळाशी अजून शेवटचा थर होता. त्याच्याविना कुणी तो उपसला नव्हता. रोपवाला उरलेल्या पोत्यांची चौकशी करायला आला होता, सुतार कुंपणावर होता. डुलक्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. ऊब, घाई, नाव, झोपणारं माणूस. वहिनीनं बाहेर टाकलेल्या गादीचं आणि पडवीतल्या ओलीचंही सांगितलं. डबा उघडल्याचा आवाजसुद्धा करून दाखवला.

 सुतारानं रंध्यावरचा भुसा फुंकला.

"भावजी, गुंगीत होतात तुम्ही," वहिनी म्हणाली. "माणसाला गुंगीत काहीबाही ऐकू येतं."

"झोपेत ऐकलं असशील," थोरला म्हणाला.

"मी झोपलो नव्हतो."

"डोळे मिटलेले होते की नव्हते?"

"होते. पण..."

"सुतार साक्षीला आहेत."

सुतार म्हणाला, "डोळे मिटलेले होते, एवढं मी बघितलं. त्याच्या आतलं मी कसं सांगू? मी लाकडाचं काम करतो."

रोपवाल्यानं एका पोत्याची शिवण उसवली, बाही वर केली आणि हात आत घातला. कोपरापर्यंत. थोडा वेळ त्याला काही कळेना. मग त्यानं डोळे मिटले. सगळे त्याच्याकडं बघत राहिले. वहिनीच्या तोंडून सवयीनं "अहो!" निघालं.

"जागा आहे," रोपवाला डोळे न उघडता म्हणाला. हात काढून झटकला. "हे थंड आहे. हे मी नेतो. आता मागचं कुणामुळं झालं ते तुम्ही भाऊ-भाऊ बघा. मला कागद दाखवा. हा जागा होता असं दवाखान्यानं लिहून दिलं, तर हा म्हणतो ते मी खरं धरीन. नाहीतर तुझं."

"मलाही मान्य," थोरला लगेच म्हणाला. त्याला दवाखाने ठाऊक होते. "तोपर्यंत अट ती अट." त्यानं आतून दोरी आणली आणि खड्ड्यावर एका कडेपासून दुसरीपर्यंत नव्हे, तर डुलक्याच्या घमेल्याभोवती अर्धगोल टाकली. "एवढं तुझं. जोवर कागद येत नाही."

डुलक्या त्या अर्धगोलात बसून राहिला. त्यात एक माणूस, एक घमेलं आणि थोडा चिखल मावत होता.

धाकटी त्याच दोरीला टेकून पोत्यावर बसली. सगळे पांगल्यावर तिनं विचारलं, "आणि मी? मी काय बोलले तिथं?"

"तू काही बोलली नाहीस."

"आठवत नसेल."

"तू माझ्या पापणीवरची माशी हाकललीस. पुन्हा आली, पुन्हा हाकललीस. मग तिला म्हणालीस, चूक कुणाची, सांग."

धाकटीनं तोंड दुसरीकडं फिरवलं.  मग उठून आत गेली, कागद आणि पेन घेऊन आली, आणि दोरी ओलांडून त्याच्या शेजारी घमेल्याच्या कडेवर बसली. "लिहा," म्हणाली. "डोळे उघडे ठेवून लिहा."

दवाखान्याच्या खिडकीवर तो अर्ज घेतला गेला. खिडकीतल्या माणसानं तो दोनदा वाचला आणि म्हणाला, आमच्याकडं जन्माचा दाखला आहे, मृत्यूचा आहे, आजारीपणाचा आहे. जागेपणाचा नमुना आलेला नाही. आला की कळवू. अर्ज असा होता:

"महोदय, विनंती की, मी, खाली सही करणार, आपल्या दवाखान्यात पोवळा साप चावल्याने दाखल असताना, माझे डोळे मिटलेले, हातपाय निकामी व श्वास यंत्राचा होता, हे मला मान्य आहे. तथापि त्या संपूर्ण काळात मी झोपलेलो नव्हतो, असा दाखला मिळावा. सदर दाखल्यात मी काय काय ऐकले याचा उल्लेख नसला तरी चालेल, ते माझ्या लक्षात आहे. तसेच यापूर्वी हात खतात घालून डोळे मिटल्याच्या सर्व प्रसंगांचा याच दृष्टीने फेरविचार व्हावा. कपाटातील प्रसंग वगळल्यास हरकत नाही. याबाबत आणखी पुरावा लागल्यास संबंधित साप आमच्या कुंपणालगतच्या ढिगात राहतो. तो दिवसा झोपतो. तरी त्याचा जबाब संध्याकाळी, पाऊस पडून गेल्यावर, आपल्या अधिकाऱ्यामार्फत घेण्यात यावा, आणि घेताना कोणत्या टोकाचा घेतला, हे स्पष्ट नमूद करावे, ही विनंती."